‘सर्व्हर डाऊन’ हे उत्तर नव्हे

खानदेशातील खेड्यांत गेल्या काही वर्षांत एक नवा शब्दप्रयोग इतका रूढ झाला आहे की, त्याचा अर्थ विचारण्याची गरजही कोणाला वाटेनाशी झाली आहे. पाचोरा तालुक्यातील एखाद्या रास्त भाव दुकानासमोर किंवा सेवा केंद्राच्या दारात घटकाभर उभे राहावे; ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे वाक्य आज ना उद्या कानी पडल्यावाचून राहत नाही. हे वाक्य उच्चारले की वाद संपतो. दुकानदार मोकळा होतो, तहसील कचेरीतील पुरवठा शाखा मोकळी होते, आणि धान्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी पिशवी घेऊन घरी परतते. उद्या तिला पुन्हा मजुरी बुडवावी लागणार असते. याचा जाब कोणाला विचारावयाचा हे तिला ठाऊक नसते. आणि खेदाची गोष्ट अशी की, तिच्या बाजूने बोलावयास आलेल्या कार्यकर्त्यालाही ते ठाऊक नसते.

पूर्वी असे नव्हते. ‘माल आला नाही’ असे दुकानदाराने सांगितले तर कार्यकर्ता गोदामावर जाऊन पोत्यांची थप्पी मोजून येत असे. तलाठ्याने पीकपाण्याची नोंद चुकवली तर सातबाऱ्याचा उतारा काढून त्याच्यापुढे ठेवला जात असे. कूळकायद्याच्या काळात फारसे न शिकलेल्या माणसांनीही त्या कायद्याची कलमे समजून घेतली, कारण त्यांवाचून कसणाऱ्याच्या हाती जमीन राहणार नव्हती. आज रेशनचे धान्य, पिकाची नोंद, विम्याचा अर्ज आणि बँकेत जमा होणारे अनुदान ही सारी संगणकांच्या जाळ्यातून जातात. २०२१ पासून आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्याने ‘ई-पीक पाहणी’च्या अ‍ॅपवर स्वतः करावी अशी व्यवस्था आली. २०२५ च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ या अ‍ॅपवरील नोंदणी आवश्यक केली. अशा वेळी हे जाळे कसे चालते याचे प्राथमिक ज्ञान म्हणजे शहरी तरुणांच्या हौसेचा विषय, असे मानून चालणार नाही. तो कार्यकर्त्याच्या शिक्षणाचा भाग झाला पाहिजे. विषय दिसतो तितका अवघड नाही. ज्याला पाचोरा जंक्शन ठाऊक आहे आणि पाटाचे पाणी ठाऊक आहे, त्याला तो एका बैठकीत समजू शकतो.

जंक्शन आणि रूळ

संगणकांचे जाळे म्हणजे काय? दोन संगणक तारेने किंवा बिनतारी लहरींनी जोडले गेले, आणि ठरलेल्या रीतीने एकमेकांशी माहितीची देवघेव करू लागले, की जाळे तयार झाले. येथे संगणक म्हणजे केवळ टेबलावरचे यंत्र नव्हे. खिशातील मोबाईल हाही संगणक आहे, आणि रेशन दुकानात अंगठा घेणारे ई-पॉस यंत्र हाही संगणकच आहे. एखाद्या शाळेतील दहा संगणक ‘स्विच’ नावाच्या पेटीला तारांनी जोडले की त्या शाळेपुरते स्थानिक जाळे झाले. असे एक जाळे दुसऱ्या जाळ्याशी जोडणारी जी पेटी, तिला ‘राउटर’ म्हणतात. जगभरची असंख्य जाळी अशा राउटरांनी एकमेकांस जोडून जे जाळ्यांचे जाळे तयार झाले, त्यालाच आपण इंटरनेट म्हणतो.

हे जाळे आकाशात तरंगत असते, असा एक समज आहे. तो प्रथम टाकून दिला पाहिजे. मोबाईलची लहर हवेतून जाते ती हातातल्या यंत्रापासून जवळच्या टॉवरपर्यंत. टॉवरच्या पुढे क्वचित आणखी एखादा बिनतारी दुवा असतो, आणि मग जमिनीखालून जाणारी ऑप्टिकल फायबरची, म्हणजे केसासारख्या बारीक काचतंतूंची केबल सुरू होते. खंडाखंडांमधील माहितीची ने-आण तर जवळजवळ सगळी समुद्राच्या तळावर टाकलेल्या अशाच केबलींमधून होते. म्हणजे या जाळ्याला जागा आहे, खड्डे आहेत, खांब आहेत, पेट्या आहेत; प्रत्येक तुकड्याला मालक आहे आणि प्रत्येक तुकड्याची देखभाल कोणाच्या तरी पगारी कामात मोडते. एकदा हे ध्यानात आले की ‘सर्व्हर डाऊन’ या शब्दांभोवतीचे दैवी वलय नाहीसे होते.

राउटरचे काम समजण्यासाठी पाचोऱ्याच्या माणसाने आपल्या स्थानकाकडे पाहावे. मुंबई–भुसावळ या ब्रॉडगेज मार्गावरील पाचोरा हे जंक्शन. येथून वरखेडी, शेंदुर्णी, पहूर असे करीत जामनेरपर्यंत सुमारे ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी शतकभर धावली. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली. जामनेरहून मुंबईस जाणारा माणूस पाचोऱ्यास उतरे आणि दुसऱ्या फलाटावर जाऊन मोठी गाडी पकडे. जंक्शनचे काम एवढेच की, आलेल्याने कोठे जावयाचे आहे ते पाहून त्याला योग्य मार्गावर लावून देणे. राउटर हेच करतो. तो पत्ता वाचतो आणि पुढील जंक्शनकडे रवाना करतो. संपूर्ण प्रवास त्याला ठाऊक असण्याची गरज नसते. पुढचे स्थानक ठाऊक असले की पुरे.

आता या जंक्शनवरील अडचण आठवा. रुळांची मापे निराळी असल्यामुळे जामनेरची वाघीण मुंबईच्या रुळांवर चढू शकत नसे. माल उतरवून पुन्हा भरावा लागे. प्रारंभीच्या संगणकांची स्थिती अशीच होती. ज्या त्या कंपनीचा ‘गेज’ निराळा. एका कंपनीचे यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलू शकत नसे. १९७४ साली विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांनी यावर उपाय मांडला. सारे रूळ उखडून नव्याने टाकण्याऐवजी, कोणत्याही रुळावरील कोणत्याही वाघिणीत बसेल अशा एकाच मापाच्या खोक्यात माल भरावा आणि त्यावर पत्ता एकाच रीतीने लिहावा, असा त्या योजनेचा आशय होता. मग तार तांब्याची असो, काचेची असो की बिनतारी असो, खोके तेच. या सर्वमान्य नियमांना ‘टीसीपी-आयपी’ म्हणतात. १ जानेवारी १९८३ रोजी त्या काळचे अमेरिकेतील ‘आर्पानेट’ हे जाळे या नियमांवर आले. हे नियम कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाहीत. ते सर्वांस मोफत वाचावयास उपलब्ध आहेत आणि कोणीही त्यानुसार यंत्र बनवू शकतो. इंटरनेट जगभर पसरले त्याचे हे एक मोठे कारण आहे. खाजगी मक्तेदारीशिवाय तंत्रज्ञानाची प्रगती होत नाही असे सांगणाऱ्यांनी या इतिहासाकडे जरूर पाहावे.

माहितीचे तुकडे, पत्ते आणि नावे

या खोक्यांना ‘पॅकेट’ म्हणतात. जुन्या टेलिफोनमध्ये दोन माणसे बोलत असेतोवर त्यांच्यामधील सबंध वाट त्यांच्यासाठीच राखून ठेवलेली असे. दोघे गप्प बसले तरी ती वाट तिसऱ्याला मिळत नसे. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांना स्वतंत्रपणे एकच कल्पना सुचली. संदेशाचे लहान तुकडे करावेत. प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक घालावा. आणि हे तुकडे मोकळ्या सापडतील त्या मार्गांनी सोडून द्यावेत. पलीकडे अनुक्रमांकानुसार ते पुन्हा जुळवावयाचे, आणि एखादा हरवला असेल तर तेवढाच परत मागवावयाचा. त्यामुळे एकाच तारेवरून हजारो लोकांचे तुकडे एकामागून एक जाऊ शकतात. गर्दी झाली तर मात्र प्रत्येक जंक्शनवर त्यांची रांग लागते, आणि रांग फार वाढली तर मागचे तुकडे टाकून दिले जातात. ‘नेट स्लो आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा हेच घडत असते.

या जाळ्यावरील पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेकडे पाठविण्यात आला. ‘लॉगिन’ हा शब्द पाठवावयाचा होता. त्याची पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक बंद पडला. म्हणजे बिघाड हा या यंत्रणेच्या जन्मापासूनचा सोबती आहे. तेथील लोकांनी मात्र ‘उद्या या’ असे म्हटले नाही. दोष कोठे आहे ते शोधले, दुरुस्त केला आणि सुमारे तासाभरात पूर्ण शब्द पोहोचविला.

आता पत्त्यांविषयी. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक असतो. त्यास ‘आयपी पत्ता’ म्हणतात. जुन्या पद्धतीच्या या पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४३० कोटी आहे, आणि जागतिक साठ्यातील शेवटचे गट २०११ साली वाटून संपले. म्हणून आता अनेक यंत्रे मिळून बाहेर एकच पत्ता वापरतात. वाड्याचा घरनंबर एक आणि आत बिऱ्हाडे दहा, तसाच हा प्रकार. यावर कायमचा उपाय म्हणून फार मोठ्या क्रमांकांची नवी पद्धत वापरात येत आहे.

माणसाला क्रमांक लक्षात राहत नाहीत, नावे राहतात. म्हणून नावावरून क्रमांक सांगणारी एक यंत्रणा १९८३ साली आखली गेली. तिला ‘डीएनएस’ म्हणतात. ती जाळ्याची टेलिफोन डिरेक्टरी होय. ही डिरेक्टरी उत्तर देईनाशी झाली तर तार शाबूत असून आणि पलीकडचे यंत्र चालू असूनही काहीच उघडत नाही.

आणि सर्व्हर? सर्व्हर म्हणजे दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यासाठी ठेवलेला संगणक. यापलीकडे काही नाही. टपाल कचेरीच्या खिडकीमागे बसलेल्या कारकुनासारखे त्याचे काम. एका वेळी किती लोकांना उत्तरे द्यावयाची याची त्याची मर्यादा ठरलेली असते, आणि ती किती ठेवावयाची हे पैसे खर्च करणारे ठरवितात. महिन्याच्या ठरावीक दिवसांत राज्यभरातील दुकाने एकाच वेळी त्याच्यावर येऊन आदळणार हे आधीपासून ठाऊक असते. तरीही तो प्रत्येक महिन्यात कोलमडत असेल, तर त्याला अपघात म्हणता येत नाही. तो नियोजनातील दोष आहे, आणि त्याला जबाबदार माणूस असतो.

एका अंगठ्याचा प्रवास

एवढे समजल्यावर रेशन दुकानात काय घडते ते पाहू. बाईने अंगठा ठेवला. यंत्राने ठशाचे रूपांतर आकड्यांत केले, ते कुलूपबंद करून त्याचे तुकडे केले आणि यंत्रातील सिमकार्डाच्या लहरीवरून टॉवरकडे पाठविले. टॉवरवरून ते दूरसंचार कंपनीच्या केबलीत शिरले आणि अनेक जंक्शने ओलांडून शिधावाटपाच्या सर्व्हरपर्यंत आले. तेथून ते अधिकृत मध्यस्थ संस्थेच्या स्वतंत्र तारेवरून आधार प्राधिकरणाकडे गेले. या प्राधिकरणाची माहितीकेंद्रे बंगळूरमधील हेब्बाळ आणि हरियाणातील मानेसर येथे आहेत. तेथे साठविलेल्या ठशाशी हा ठसा ताडून पाहिला गेला आणि ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर त्याच वाटेने मागे फिरले. ‘होय’ आले तर यंत्रातून पावती निघते आणि धान्य मापले जाते.

या प्रवासात अंतर हे विलंबाचे कारण नसते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पाचोऱ्याहून दीड हजार किलोमीटरचा मार्ग धरला तरी तो सेकंदाच्या शंभराव्या भागाहून कमी वेळात कापला जातो. जो वेळ जातो तो वाटेतील रांगांत, अशक्त लहरीत आणि अपुऱ्या सर्व्हरात जातो. खेडे दूर आहे म्हणून उशीर होतो, असे कोणी सांगितले तर ते मान्य करू नये.

बिघाड कोठे आहे?

कार्यकर्त्याने शिकावयाची खरी गोष्ट ही आहे. त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. क्रमाने चार-पाच प्रश्न विचारता आले पाहिजेत.

पहिला प्रश्न यंत्राचा. ते सुरू आहे का, त्याची बॅटरी भरलेली आहे का, सिमकार्डाचे पैसे भरले आहेत का? दुसरा प्रश्न लहरीचा. त्याच जागी दुसऱ्या कंपनीचा मोबाईल चालतो का? चालत असेल, तर दोष त्या एका कंपनीच्या टॉवरचा आहे. सर्वच कंपन्यांची लहर गेली असेल, तर गावात वीज आहे का ते पाहावे. वीज गेली की काही वेळाने टॉवरची बॅटरी संपते, आणि डिझेल भरावयाचे की नाही हे कोणीतरी ठरवीत असते. तिसरा प्रश्न केबलीचा. लहर पूर्ण दिसते, पण कोणतेच पान उघडत नाही, आणि आसपासच्या गावांतही तीच रड आहे, असे असेल तर टॉवरच्या मागची तार तुटली असण्याचा संभव मोठा. रस्त्याचे किंवा जलवाहिनीचे खोदकाम कोठे चालू आहे ते पाहावे. जेसीबीच्या एका फटकाऱ्यात केबल तुटते. चौथा प्रश्न सर्व्हरचा. बाकी सारे उघडते, केवळ रेशनचेच यंत्र अडते. आणि भडगाव, जामनेर, चाळीसगाव येथील दुकानांतही त्याच वेळी अडते. तर आणि तरच सर्व्हरचा दोष मानावा. चार तालुक्यांतील चार साथींना चार फोन केले की हे कळते.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण त्याचा जाळ्याशी संबंधच नसतो. जाळे चालू असते, सर्व्हर चालू असतो, उत्तरही येते. पण ते ‘नाही’ असे येते, कारण ठसा जुळत नाही. आधारच्या यंत्रणेत याला ३०० असा त्रुटी-क्रमांक आहे. कापूस वेचून, निंदणी करून, विटा वाहून ज्यांच्या बोटांवरील रेषा झिजल्या, त्या मजूर बायांच्या आणि वृद्ध सालदारांच्या वाट्याला हे ‘नाही’ अधिक येते. ज्याने आयुष्यभर हाताने काम केले त्याचाच हात त्याला ओळख देत नाही. हा अन्याय ‘सर्व्हर डाऊन’ या सोयीच्या नावाखाली दडून जातो. म्हणून यंत्रावर काय अक्षरे आली आणि कोणता क्रमांक आला, ते पाहून लिहून घेण्याचा आग्रह धरलाच पाहिजे.

कायद्याची बाजूही कार्यकर्त्याला ठाऊक हवी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ ने धान्य हा हक्क ठरविला आहे. धान्य न मिळाल्यास राज्य सरकारकडून अन्न सुरक्षा भत्ता मिळण्याची तरतूद त्याच्या आठव्या कलमात आहे, आणि तक्रारीसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी नेमण्याची तरतूद पंधराव्या कलमात आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने सर्व राज्यांना कळविले की जोडणी नसल्यामुळे, यंत्र बंद असल्यामुळे किंवा ठसा न जुळल्यामुळे कोणाही पात्र लाभार्थ्यास धान्य नाकारू नये. इतर ओळखपत्र पाहून धान्य द्यावे आणि अपवादाच्या नोंदवहीत तशी नोंद करावी. म्हणजे ‘उद्या या’ हे उत्तर तंत्राच्या दृष्टीने अपुरे आहे, तसेच ते नियमाच्या दृष्टीनेही चूक आहे. किती दुकानांत ही नोंदवही प्रत्यक्ष ठेवलेली आहे, हे आपल्या कार्यकर्त्यांनी दुकानोदुकानी जाऊन पाहावे.

शेवटच्या शेतापर्यंत पाणी

जाळ्याच्या क्षमतेचा प्रश्न हा पाटाच्या पाण्यासारखा आहे. पाटाची रुंदी ठरलेली असते. मुखाजवळच्यांनी अधिक ओढले तर शेपटाच्या शेतापर्यंत ओलही पोहोचत नाही. कालव्याच्या टोकाशी असलेल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तारेची रुंदी, म्हणजे एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते याची मर्यादा, ही अशीच सर्वांत वाटली जाते. कंपनी जाहिरातीत जो वेग सांगते तो पाट रिकामा असतानाचा. सायंकाळी सारे गाव मोबाईल उघडून बसले की प्रत्येकाच्या वाट्याला धार येते.

पांझरेच्या खोऱ्यात शेकडो वर्षे चाललेली फडबागायत येथे आठवावी. बंधारा, पाट आणि चाऱ्या यांची देखभाल लाभधारकांनी मिळून करावयाची, पाणी सोडण्यासाठी पाटकरी नेमावयाचे आणि टंचाईच्या वर्षी कोणता फड भिजवावयाचा, कोणता कोरडा ठेवावयाचा हे सर्वांनी मिळून ठरवावयाचे, अशी ती व्यवस्था. टंचाई असतानाही वाटप न्याय्य करता येते, मात्र त्यासाठी निर्णय लाभधारकांच्या हाती असावा लागतो, हा तिचा धडा आहे. आपल्या खेड्यांतील माहितीच्या पाटावर असा पाटकरी कोठे आहे?

खेड्यांपर्यंत तार नेण्याची सरकारी योजना जुनी आहे. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेस केंद्र सरकारने मान्यता दिली. पुढे तिचे नाव ‘भारतनेट’ झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. या सुधारणेतील एक मुद्दा आपल्या विषयाच्या दृष्टीने बोधप्रद आहे. पूर्वी केबल एका रेषेत पुढे पुढे नेली जाई. आता ती वर्तुळात फिरवून परत आणावयाची आहे. पाचोरा–जामनेर मार्ग जामनेरला संपत असे. शेंदुर्णीजवळ रूळ उखडला की पहूर आणि जामनेर तुटलेच. हा मार्ग ब्रॉडगेज करून बोदवडपर्यंत नेण्याची योजना आहे. ती पूर्ण झाली की भुसावळमार्गे दुसऱ्या बाजूनेही जामनेर गाठता येईल. केबलीच्या वर्तुळाचा अर्थ हाच. एका ठिकाणी तुटली तर माहिती उलट दिशेने जाते आणि गाव तुटत नाही.

हे आधी सुचले नव्हते काय? सुचले होते, पण वर्तुळाला तार अधिक लागते, पैसा अधिक लागतो, आणि खेड्याच्या वाट्याला नेहमी स्वस्तातील रचना येते. शहरातील बँकांचे दुवे दुहेरी असतात. खेड्यातील रेशनचा दुवा एकेरी असतो. विषमता ही केवळ जमिनीच्या मालकीत नसते, तारांच्या आखणीतही असते.

जाळे कोणाचे?

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि त्याचा प्रामाणिक विचार केला पाहिजे. खाजगी कंपन्यांच्या स्पर्धेमुळे २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट अतिशय स्वस्त झाले, सालदाराच्या मुलाच्या हातीही ते आले, मग तक्रार कशासाठी, असे विचारले जाते. इंटरनेट स्वस्त झाले हे खरे आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. परंतु कंपनी टॉवर उभारते तो नफा दिसेल तेथे. डोंगराच्या कुशीतील वस्तीत, पाड्यावर, तीस उंबऱ्यांच्या तांड्यावर तो दिसत नाही. हे सरकारलाही मान्य आहे, कारण दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून ठरावीक हिस्सा काढून अशा भागांत सेवा पोहोचविण्यासाठी निधी उभारण्याची व्यवस्था गेली दोन दशके आहे. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले. हा पैसा अखेर ग्राहकाच्या खिशातूनच आलेला आहे. म्हणून त्याचा हिशेब मागण्याचा अधिकार पाचोऱ्यातील प्रत्येक मोबाईलधारकाला आहे.

या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले ते विदेश संचार निगम या सरकारी कंपनीमार्फत. २००२ साली त्या कंपनीचे नियंत्रण खाजगी समूहाकडे गेले. दुसरीकडे, केरळ सरकारने २०२३ साली वीजमंडळाच्या खांबांचा उपयोग करून सार्वजनिक मालकीचे फायबर-जाळे सुरू केले आणि गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. त्या योजनेतही विलंब झाला आहे, खर्चावर वाद झाले आहेत. तरी तार हीही रस्त्यासारखी सार्वजनिक गोष्ट असू शकते, हे तिने दाखविले. लोकमत संघटित झाले तर कंपन्यांना रोखता येते, याचाही दाखला आहे. फेसबुकने निवडक पानेच फुकट देऊ केली होती. त्या योजनेविरुद्ध देशभरातून लाखो पत्रे गेली, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. जंक्शनने वाघिणीत कोणाचा माल आहे हे पाहून भाडे ठरवू नये, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

‘खेड्यात आधी पाणी द्या, मग इंटरनेट’ असा दुसरा आक्षेप आपल्याच काही जुन्या साथींकडून येतो. त्यामागील कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु जाळ्याला धान्याच्या, विम्याच्या आणि हमीभावाच्या दारावरचा पहारेकरी शासनानेच नेमले आहे. पहारेकरी नेमल्यावर तो झोपला तर दार उघडे राहिले पाहिजे. उपाशी माणसाने बाहेर तिष्ठत राहावे, हा न्याय नव्हे. म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. जाळे शेवटच्या वस्तीपर्यंत नीट पोहोचवा; आणि ते बंद पडेल तेव्हा कागदावर काम चालले पाहिजे, ही सोय प्रत्येक योजनेत बंधनकारक करा.

या दिशेने काम करावयास मोठा निधी नको. पाचोरा, भडगाव आणि जामनेर तालुक्यांत दोन-दोन संध्याकाळचे अभ्यासवर्ग घ्यावेत. एक राउटर, एक केबल आणि दोन मोबाईल समोर ठेवून कोणीही विज्ञानशिक्षक वर सांगितलेले सारे दाखवू शकेल. प्रत्येक गावात एक वही ठेवावी. दुकान केव्हा अडले, किती वेळ अडले, यंत्रावर कोणती अक्षरे आली, दुसरा मोबाईल चालत होता काय आणि किती माणसे रिकामी परतली, एवढी पाच कलमे तीत लिहावीत. ग्रामसभेत विचारावे की, भारतनेटची पेटी कार्यालयात आली आहे काय, तिला वीज आहे काय, तिचा दिवा लागतो काय, आणि बिघडली तर दुरुस्तीची जबाबदारी कोणावर आहे. तीन महिन्यांच्या अशा वह्या एकत्र करून जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्यापुढे ठेवल्या, तर ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून हात झटकणे त्यालाही कठीण जाईल. कारण कोणत्या दिवशी सर्व्हर अडला, कोणत्या दिवशी टॉवर, कोणत्या दिवशी तार, आणि कोणत्या दिवशी यातले काहीही न अडता एका म्हातारीचा झिजलेला अंगठा नाकारला गेला, हे त्या वह्यांत तारखेनिशी लिहिलेले असेल.